आईची ओंजळ

नंदे,

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या उघडल्या आणि आमच्या बाबांना तिथं शिपायाची नोकरी लागली. आम्ही चाकूर सोडलं त्या दिवशी तुझी आई, म्हणजे काकू, स्टँडपर्यंत आली होती. एसटी सुटायच्या आधी माझी आई सगळ्यांदेखत खाली बसली, ओंजळ धरली आणि काकूंनी तांब्यातलं पाणी वरून ओतलं. "जपून राहा गं, लई आठवण येईल," म्हणत काकू रडत होत्या. पण तांब्या आईच्या हाताला लागू नये, ही काळजी रडतानाही घेत होत्या.

दुष्काळात आमच्या वस्तीची विहीर आटली, तेव्हा तुमच्याच आडानं आम्हाला जगवलं. कसं विसरेन? तेही पाणी वरूनच मिळालं, आणि मी मान वर केली की आई दटावायची, "खाली बघून पी." काकूंना मात्र तिनं कधी नावं ठेवली नाहीत. "तिची माया खरी हाय, पण वरून येती," एवढंच म्हणायची. मला तुमचा राग यायचा, आणि गप्प बसणाऱ्या आईचा त्याहून जास्त.

लातूरला घरात नळ आला, स्टीलचे नवे पेले आले. आई तरी ओंजळीनंच प्यायची. बाबा चिडले की म्हणायची, "सवय हाय, न्हाई जात."

पुढं नांदेडला नर्सिंग केलं आणि चाळिशी उलटल्यावर पोटासाठी इस्राएलला आले. इथं एका वृद्ध ज्यू बाईंची केअरगिव्हर आहे. त्यांना मी सावता म्हणते, म्हणजे आजी. पहिल्याच दिवशी मी कपाटातला कप घेऊन त्यात दुधाचा चहा ओतायला लागले, तर त्यांनी ओरडून तो काढून घेतला. सातासमुद्रापलीकडे येऊनही कप वेगळाच! मी कशालाच हात लावेना. तहान लागली की नळाखाली ओंजळ धरायची, अगदी आईसारखी.

ते सावतांनी पाहिलं. खोदून खोदून विचारलं. मी मोडक्यातोडक्या हिब्रूत काकूंचा तांब्या सांगितला, तशा त्या कपाळाला हात लावून बसल्या. मग दोन्ही कपाटं उघडून दाखवली: एकातली भांडी दुधाची, एकातली मटणाची, त्यांच्या धर्मात ती मिसळत नाहीत; मी घेतलेला कप मटणाच्या कपाटातला होता. "नियम भांड्यांचा आहे, माणसांचा नाही," म्हणाल्या आणि स्वतःच्या कपातला चहा मला पाजला. पोलंडमध्ये लहानपणी शेजारणीनं त्यांना अंगणात येऊ देणं बंद केलं, वर्गात कुणी शेजारी बसेना. "सुरुवात तेवढ्यानंच झाली," त्या म्हणाल्या. शेवटी सगळं कुटुंब मारलं गेलं, एकट्या त्या उरल्या.

आणि परवा तुझा फोन आला. नांदेडच्या दवाखान्यात माझ्या आईपाशी तू होतीस, नंदे, काकूंची लेक. तिनं पाणी मागितलं. तू तिचं डोकं मांडीवर घेतलंस, पेला ओठांना लावलास. आणि तिनं ओंजळ पुढं केली. "मी लई विनवलं गं, हात खाली घे म्हणून," तू रडत म्हणालीस. तिनं घेतले नाहीत. तशीच गेली.

तुझा काही दोष नाही, बाई. तू पेला दिलास. फक्त फार उशिरा पोचला तो.

इथं लोक विचारतात, तुझं घर कुठं? चाकूर, लातूर, नांदेड, काहीतरी सांगते. खरं तर आईला जिथं ओंजळ सोडता आली असती, तेच माझं घर झालं असतं.