गेणबाचं स्टेशन आणि मनीषचा बर्फ

गेणबा वाळंज कुणाचा हेवा करतो हे ओळखणं अगदी सोपं आहे. ज्याचा हेवा वाटतो त्याच्या वस्तूकडे तो पाठ करून बसतो. त्याच्या धाकट्या भावाने, भिवाजीने, ट्रॅक्टर घेतला तेव्हा गेणबा सबंध हंगामभर वरच्या वाटेने शेतात जात होता, कारण खालच्या वाटेवरून भिवाजीचा ट्रॅक्टर दिसतो. आणि मनीषच्या फळीवरच्या बोगद्यात पहिल्यांदा दिवा लागला त्या दिवशी गेणबा भिंतीकडे तोंड करून चहा पीत होता. मान न वळवता मला म्हणाला, "वहिनी, पेटला व्हय त्याचा दिवा?"

मी म्हटलं, पेटला.

"पिवळा का पांढरा?"

पिवळा, असं मी सांगितल्यावर त्याने बशी खाली ठेवली आणि उरलेला चहा तसाच सोडला.

हा मनीष कोण आणि फळी कसली, ते सांगते. माझे पती मुकुंदराव यांना छोट्या रेल्वेचा नाद होता. कुणी तिला खेळातली गाडी म्हटलं तर त्यांना राग येई. निवृत्तीनंतर आम्ही मुळशीला धरणाच्या बाजूला घर बांधलं. माडीवरची खोली पाहुण्यांसाठी होती, पण तिच्यात पाहुणा कधी झोपला नाही. तिथे टेबलं जोडून त्यांनी रूळ टाकले, बोगदे केले, सिग्नल उभारले. त्यांचं सगळ्यांत लाडकं होतं एक काळं इंजिन. तळहाताएवढं, दिसायला थेट वाफेचं, चालायचं मात्र विजेवर. ते त्यांनी लग्नाआधी घेतलं होतं, म्हणजे त्यांच्या आयुष्यात ते माझ्याही आधी आलं.

गेणबाचं शेत आमच्या कुंपणाला लागून. भात पिकवणारं जुनं घर. थोडी जमीन एका रिसॉर्टला गेली, उरलेल्या खाचरांत तो इंद्रायणी लावतो. आमच्या नळाचं पाणी त्याच्या खाचरात येतं, अशी तक्रार घेऊन तो पहिल्यांदा दारात आला. आवाज चांगलाच चढलेला होता. तेवढ्यात वरून शिट्टी ऐकू आली. त्याने मला विचारलं, वर काय आहे. मी सांगितलं. तो चपला काढून माडीवर गेला आणि दिवेलागणीपर्यंत खाली आला नाही. ते पाणी अजूनही त्याच्या खाचरात जातं. त्याचं पुढे काही निघालं नाही.

त्याचं आजोळ खंडाळ्याच्या बाजूला. लहानपणी तो घाटातल्या कातळावर बसून गाड्या बघायचा. पुढचं इंजिन सगळेच बघतात, त्याला आवडायचं ते गाडीला मागून ढकलणारं. म्हणून त्याने मुकुंदरावांना पहिलाच प्रश्न विचारला, की मागचं इंजिन कुठे आहे. आपल्या टेबलावर चढ नाही, मग ढकलायचं कशाला, असं मुकुंदरावांचं म्हणणं. गेणबाचं म्हणणं, चढ नसेल तर करा. त्यावर दोघांचा पावसाळाभर वाद चालला. मुकुंदरावांनी कागदावर चढाचं गणित मांडून दाखवलं, गेणबाने ते बघायचं नाकारलं. शेवटी दिवाळीच्या सुमारास टेबलावर घाट उभा राहिला. त्याच खोलीतलं एक कपाट दाराआड येतं, ते हलवा असं मी त्यांना किती वर्षं सांगत होते. कपाट आजही तिथेच आहे.

शाळेत नन्सनी लावलेली रोजनिशीची सवय मी अजून मोडलेली नाही. त्या वर्षांच्या वह्यांत 'गेणबा आला' हे जितक्या वेळा आहे, तितकं माझ्या सख्ख्या बहिणीचं नावही नसेल. मी चहा घेऊन वर जायची. दोघं रुळांवर वाकलेले असायचे. बशी ठेवायला जागा नसायची, आणि माझ्याकडे कुणी बघायचं नाही. मुकुंदराव दिवसभरात माझ्याशी जेवढं बोलत, तेवढं गेणबाशी एका सिग्नलविषयी बोलत.

पुढे या भागातल्या हौशी लोकांचं एक मंडळ झालं. बहुतेक सगळे मारुंजीचे, सूसचे, कंपन्यांत नोकरी करणारे. त्यांची पद्धत अशी, की प्रत्येकाने घरी एक फळी तयार करायची. फळीवर काय दाखवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण सगळ्या फळ्या एका मापाच्या, कडा सरळ कापलेल्या, आणि रूळ कडेला येऊन थांबलेले. वर्षातून एकदा सगळ्यांनी एका हॉलमध्ये जमायचं, फळ्या एकमेकींना जोडायच्या आणि त्यांवरून गाड्या सोडायच्या.

मनीष मारुंजीच्या एका सोसायटीत राहतो. मुलगा गुणी आहे, हात फार नाजूक. त्याच्या फळीवर परदेशातले बर्फाचे डोंगर, लाल डब्यांची गाडी, आणि सगळं मोबाइलवर चालणारं. गेणबाच्या फळीवर मुळशी स्टेशन. आमच्या मुळशीला रेल्वे नाही आणि कधी नव्हती. पण गेणबाने फलाट केला, पाटी लावली, फलाटाच्या मागे खऱ्या मातीची खाचरं केली, त्यांना बांध घातले. भाताची रोपं म्हणून रंभाबाईंच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, जुन्या खराट्याच्या काड्या हिरव्या रंगवून रोवल्या.

मनीषने सरळच विचारलं होतं, "काका, जिथे रेल्वे गेलीच नाही तिथलं स्टेशन कसं करता? मॉडेल म्हणजे जे आहे त्याचं हुबेहूब."

"मग तुझ्या मारुंजीत बर्फ कुटं पडतो, दाव की."

"माझा बर्फ खराच आहे, काका. तिकडे पडतो."

"तू गेलायस तिकडं?"

मनीष गेला नव्हता. यावर मंडळात दोन तट पडले आणि ते अजून आहेत. मुकुंदराव हसून म्हणायचे, की स्टेशन बांधल्याशिवाय गाडी येणार कशी. ते गेणबाची बाजू घेत हे मनीषला लागे. इंजिनाला तेल द्यायला मात्र ते मनीषला बोलावत, गेणबाला नाही, हे गेणबाला लागे.

मुकुंदराव गेले त्याला दोन वर्षं झाली. माडीवरचे रूळ मी मंडळाला देऊन टाकले. काळं इंजिन ठेवलं. ते दोघांनाही हवं होतं, पण तोंडाने कुणी मागत नव्हतं. मनीष फोन करून चौकशी करायचा, की काकू, डब्यात दमट हवा जात नाही ना. गेणबा रोज कुंपणापाशी येऊन विचारायचा, "इंजिन बरं हाय?" जसं काही घरात कुणी आजारी आहे. शेवटी मी दोघांना एकत्र चहाला बोलावलं आणि सांगितलं, की यंदा जानेवारीत मंडळ जमेल तेव्हा इंजिन दोघांच्या फळ्यांवरून चालवू, आणि मग ते कुणाला द्यायचं हे मी ठरवीन. दोघांनी मान हलवली. चहा कुणीच संपवला नाही.

फळ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, आठवडाभर आधी. यंदा गेणबाच्या शेजारी मनीषची फळी आली.

ठरल्या दिवशी मी इंजिनाचा डबा मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसले होते. रंभाबाई माझ्या शेजारी पानाची चंची उघडून बसल्या होत्या. फळ्या एकीला एक भिडत गेल्या. गेणबाच्या आणि मनीषच्या फळीमध्ये मात्र बोटभर फट राहिली. ढकलून पाहिलं, ठोकून पाहिलं, फट मिटेना. मनीष वाकून बघायला लागला.

"काका, तुमचा बांध कडेच्या बाहेर आलाय."

"बांध हाय तितंच हाय. तुझा बर्फ म्होरं सरकला आसंल."

कुणीतरी फूटपट्टी आणली. गेणबाच्या फळीची दुसरी कड अगदी सरळ होती. मनीषच्या बाजूची तेवढी बोटभर पुढे.

रंभाबाई सुपारी कातरत शांतपणे म्हणाल्या, "घरी नीट हुती फळी. चिठ्ठी निघाल्यापासनं रोज चिखल थापत बसले हुते."

हे काय झालं ते मुळशीत राहिल्याशिवाय कळणार नाही. इथे दोन शेतांमध्ये एक सामाईक बांध असतो. नांगरताना दर वर्षी जो तो हा बांध आपल्या बाजूने थोडा कोरतो, आणि जो कोरत नाही त्याला सगळे खुळा समजतात. गेणबा आणि भिवाजी यांचं बोलणं याच कारणावरून बंद आहे. मनीषच्या शेजारी आपली फळी लागणार म्हटल्यावर गेणबाच्या हाताला दुसरं काही सुचलंच नाही. मनीषचा बर्फ कोरायला मिळत नव्हता, म्हणून त्याने स्वतःचा बांधच पुढे सरकवला. त्यामुळे रूळ तुटतील, हे बहुधा त्याच्या ध्यानातच आलं नाही. शेजारी वरचढ होऊ नये एवढंच त्याने बघितलं.

मनीषने फटीत रुळाचा एक तुकडा बसवला आणि म्हणाला, चालेल. मी डबा उघडला. इंजिन मुळशी स्टेशनात शिरलं तेव्हा गेणबा ताठ उभा होता, साहेब आल्यासारखा. फलाट सोडून, खाचरांच्या कडेने ते छान गेलं. फटीपाशी तो तुकडा हलला, आणि इंजिन कलंडलं. मागचा भाग बांधावर, तोंड बर्फात.

मनीषने हात पुढे केला.

"हात लावू नगं," गेणबा म्हणाला. "माझ्या हद्दीत पडलंय."

"तोंड माझ्याकडे आहे, काका."

हॉल हसला. मला हसू आलं नाही. चाकांना जोडणारी बारीक सळी निसटून लोंबत होती. ती बसवणं गेणबाच्या बोटांचं काम नव्हतं, हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. तो बाजूला झाला. मनीषने डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि इंजिन उलटं करून काम सुरू केलं. मला वाटलं, आता गेणबा भिंतीकडे तोंड करील. त्याने केलं नाही. तो मनीषच्या हातांकडे बघत राहिला. बघणं त्याला सोसत नव्हतं, हे त्याच्या जबड्यावरून दिसत होतं, तरी तो बघत राहिला.

सळी बसली. गेणबा वळला, रंभाबाईंच्या हातातला अडकित्ता घेतला आणि आपला बांध खरवडायला लागला.

"सुपारीत माती यील," रंभाबाई म्हणाल्या.

त्याने ऐकलं नाही. कडेला आलेली माती पार निघेपर्यंत तो खरवडत होता. मग धोतराने कड पुसली आणि फळी मनीषच्या फळीला भिडवली. फट राहिली नाही. गेणबा आमच्याकडे वळून म्हणाला, "भिवाजीला सांगू नका कुणी."

इंजिन मुळशीतून सुटलं, बर्फात गेलं, बोगद्यात शिरलं, पिवळा दिवा लागला. या वेळी गेणबाने तो बघितला.

मी इंजिन गेणबाला दिलं. लोकांना वाटलं, त्याने बांध खरवडला म्हणून. तसं नव्हतं. शहाणपणाने बघितलं तर ते मनीषलाच द्यायला हवं होतं. त्याच्याकडे ते नीट राहिलं असतं, आमच्या पावसात लोखंडाचं काय होतं हे मला माहीत आहे. पण मारुंजीला गेलेल्या इंजिनाची शिट्टी मला पुन्हा कधी ऐकू आली नसती. गेणबाची पडवी माझ्या खिडकीतून दिसते.

मनीषचा चेहरा उतरला. पण तेव्हापासून तो रविवारी मुळशीला येतो, ओल शोषून घेणाऱ्या पुड्या आणतो, इंजिनाला तेल देतो आणि गेणबाशी वाद घालतो. धुरांडं पुसावं की त्याच्यावर काजळी दिसू द्यावी, यावर अजून निकाल लागलेला नाही. रंभाबाई कुंपणापाशी मला म्हणाल्या, की इंजिनाला दिवसातनं चार वेळा पुसतात, माझ्याकडं कधी येवढं बघितलं न्हाई. मी त्यांना सांगितलं, की ते मला नवीन नाही.

मागच्या आठवड्यात शिट्टी ऐकू आली म्हणून मी खिडकीत गेले. पडवीत गेणबाने गोल रूळ टाकलेत, पण तो तिथे नव्हता. रंभाबाई खाली बसून गाडी चालवत होत्या. एका हाताने वेग देण्याचं बटण फिरवत होत्या, दुसऱ्या हातात तंबाखू. इतक्या वर्षांत मी ते बटण कधी हातात घेतलं नव्हतं. मुकुंदरावांनी दिलं नाही, आणि मी मागितलं नाही. मी खिडकी लावून घेतली. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी मांडत बसले. शिट्टी तिथेही येत होती.

दुसऱ्या दिवशी चपला घालून मी पडवीत गेले. गेणबा इंजिन पुसत होता. मी म्हटलं, मला चालवायची आहे.

त्याने माझ्याकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं. फडकं खांद्यावर टाकलं, इंजिन रुळावर ठेवलं आणि बटण माझ्या हातात दिलं. पण त्याचा हात लगेच सुटेना.

"एकच फेरी हां, वहिनी," तो म्हणाला.

मी तीन मारल्या. तिसरीला तो भिंतीकडे तोंड करून बसला.