राखलेली जागा

इस्पितळाच्या लाँड्रीत इस्त्रीच्या गरम रोलरवर उभं राहणं म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. धुलाईच्या मशीनमधून चादरी पिळवटून एकमेकींत अडकून येतात. ओल्या चादरीचं वजन मनगटावर पडतं. ती झटकून सोडवायची, न बघता दोन्ही टोकं पकडायची आणि सरळ रोलरच्या तोंडात द्यायची. तिरकी गेली तर चुणी पडते, चुणी करपते आणि मुकादम बोंबलतो. पाळी संपली की दुखतात हात असं लोकांना वाटतं. खरं दुखणं टाचेत उतरतं.

आक्का त्या रोलरवर सकाळच्या पाळीला असायची. दुपारी त्याच जागेवर लंबू यायची. उंच होती म्हणून लंबू. दोघींची गाठ पडायची ती पाळी बदलताना, पण तेवढ्यातही त्या भांडून घ्यायच्या.

"आक्का, रोलर तापवून ठेवलास की नुसती गप्पा मारत बसली होतीस?"

"तू आधी चादरीचं टोक धर, मग तोंड उघड. तुझ्या उंचीला डोक्याचा उपयोग झालेला मी अजून बघितला नाही."

बाकीच्या बायका त्यांना सवती म्हणायच्या. एकाच जागेच्या दोघी.

लाँड्री ठेकेदाराची. आजारी पडलात तर पगार नाही, आणि फार दिवस आला नाहीत तर जागाही नाही. म्हणून बायकांनी आपापसांत एक रीत पाडली होती. एक अंथरुणाला खिळली की तिच्या जागेवरची दुसरी दोन्ही पाळ्या करायची. हजेरी करणारीच्या नावावर लागायची, पगार तिच्याच खात्यात यायचा, आणि जास्तीचा सगळा पैसा ती आजारी बाईच्या घरी नेऊन द्यायची. त्यातली कवडीही कुणी ठेवून घेत नसे. याला त्या जागा राखणं म्हणायच्या. काम होतंय ना, मग मुकादम काणाडोळा करायचा.

आक्काचा नवरा आयुष्यभर दगड फोडत होता. दगडाची धूळ छातीत साचली आणि एक दिवस श्वासच पुरेना. त्याला इस्पितळात ठेवलं तेव्हा लंबूनं आक्काची जागा राखली होती. दोन्ही पाळ्या करून पाय सुजले, चपलेत मावेनात, तेव्हा फडकं गुंडाळून आली. बोलून दाखवलं नाही. पुढे लंबूचं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा आक्का दोन्ही पाळ्यांना उभी राहिली. यात उपकार-बिपकार कुणाच्या मनात नव्हते.

नवऱ्याला इस्पितळानं घरी वापरायला ऑक्सिजनचं मशीन दिलं होतं. मशीन फुकट, वीज नाही. मीटर असा की आधी पैसे भरायचे, मग दिवा लागणार. महागाईनं विजेचा दर असा चढला की आक्काच्या नाकी नऊ आले. मग नवऱ्यानंच तोडगा काढला. दुपारी मशीन बंद.

"दुपारी मी तसाही पडूनच असतो," तो म्हणायचा. "झोपलेल्या माणसाला कशाला हवाय एवढा श्वास?"

"झोपेत काय श्वास उसना घेता का?"

तो हसायचा, आणि हसताना खोकला यायचा. मग हसणंही बंद झालं.

अशात सरकारनं महागाई मदत जाहीर केली. कमी कमाईच्या घरांना खात्यात थेट रक्कम. आक्कानं हिशोब मांडला नाही, फक्त एवढंच ठरवलं की आलेली सगळी रक्कम मीटरमध्ये भरायची आणि मशीन दिवसभर चालू ठेवायचं. लाँड्रीतल्या जवळजवळ सगळ्यांना पैसे आले. आक्काला आले नाहीत.

ती कचेरीत गेली. खिडकीमागची मुलगी बोलायला मऊ होती.

"मावशी, तुमची कमाई मर्यादेच्या वर गेलीय."

आक्काला हसूच आलं. "माझी कमाई वर गेली आणि मलाच पत्ता नाही?"

"सरकारनं एकच महिना धरलाय. त्या महिन्यात तुमचा पगार दुप्पट दिसतोय."

तो महिना लंबूच्या ऑपरेशनचा होता. कोणता महिना धरणार हे आधी कुणालाच माहीत नव्हतं.

"तो पगार माझा नव्हता गं."

"तुमच्याच खात्यात आलाय."

"आला आणि गेला."

"कुणाकडे गेला ते सांगा. मी तसं लिहून वर पाठवते. त्यांच्याकडे चौकशी होईल आणि तुमचं काम होईल."

आक्का खिडकीपासून बाजूला झाली. लंबूनं त्याच महिन्यात सरकारचा आजारपणाचा भत्ता घेतला होता. घरात दुसरी काही कमाई येत नाही असं सांगून.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना तिनं लंबूला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

"आक्का, मी भत्ता घेतलाय."

"माहीत आहे."

"परत मागतील. ठेकेदाराला कळलं तर हाकलून देईल."

"माहीत आहे मला."

"सगळं माहीत आहे, तर मग मला विचारतेस कशाला?" लंबूचा आवाज चढला. "मी नको म्हणावं आणि तुझ्या नवऱ्याचं पाप माझ्या डोक्यावर घ्यावं म्हणून? तुझ्या वेळी मी उभी राहिले तेव्हा मदत-बिदत काही नव्हती, म्हणून माझं निभावलं." मग तिनं चादर उचलली. "सरक. रोलर रिकामा फिरतोय."

आक्का घरी आली. चौथ्या मजल्यावरची खोली. नवरा पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर कोपर टेकून बसला होता. ओठ काळेनिळे पडले होते, खांदे प्रत्येक श्वासाला वर ओढले जात होते. मशीनचं बटण हाताच्या अंतरावर होतं आणि त्यानं ते दाबलं नव्हतं. तिनं दाबलं. त्याला बोलता येईपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली.

"थोडं राहिलं होतं," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत काढलं असतं."

सकाळी तिनं खाडा केला आणि कचेरी गाठली. वाटेत तिनं ठरवलं होतं की निम्मंच सांगायचं, एका बाईला दिले म्हणून. पण मुलगी म्हणाली, नावाशिवाय पुढे जात नाही. आक्कानं नाव सांगितलं. मग आडनाव. मग पत्ताही.

मदत आली. मीटर भरला. मशीन दिवसभर चालू लागलं आणि नवऱ्याच्या ओठांना रंग आला. तो खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावरच्या लोकांची नक्कल करू लागला.

लाँड्रीत मात्र आभाळ कोसळलं. लंबूकडून भत्ता परत मागितला. सरकारला फसवणारी बाई नको म्हणून ठेकेदारानं तिला काढलं आणि स्वतःची कातडी वाचवायला सगळ्यांना बजावलं, यापुढे दोन पाळ्या कुणी करायच्या नाहीत. आक्काला कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चहाच्या वेळी बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची, एवढंच. सवत हा शब्द पुन्हा कुणी काढला नाही.

"लंबू आली नाही बऱ्याच दिवसांत," नवरा एकदा म्हणाला.

तिनं सांगितलं. काही लपवलं नाही.

"माझ्यासाठी केलंस असं मला सांगू नकोस," तो म्हणाला.

"मग कुणासाठी केलं?"

त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

थंडी वाढली आणि त्याची छाती पुन्हा भरली. एका सकाळी त्याला मशीन लावूनही धाप आवरेना. आक्कानं मुकादमाला फोन केला.

"आजच्या दिवस सोडा. माणूस ठीक नाही."

"तुझ्या जागेवर कोण उभं राहणार ते सांग. इस्पितळाच्या चादरी काय मी इस्त्री करू?"

तिनं दुपारच्या पाळीच्या नव्या मुलीला फोन लावला.

"मला नको बाई यात," ती पोरगी म्हणाली. "मागच्या वेळी काय झालं ते ऐकलंय मी."

आदल्या खाड्याबद्दल ताकीद मिळालेली होती. नोकरी गेली तर मीटर कशानं भरायचा? आक्कानं उशा रचून नवऱ्याला टेकवून बसवलं, नळी नीट केली, पाणी हाताशी ठेवलं.

"अहो, जाऊ का मी?"

"जा," तो म्हणाला. "रोलर थांबत नाही."

दुपारी ती परतली तेव्हा मशीन व्यवस्थित चालू होतं. नळी नाकाला होती. माणूस नव्हता.

अंत्यविधीला लाँड्रीतून कुणाला सुट्टी मिळाली नाही. माणसं येऊन गेली, खोली रिकामी झाली, आणि मग लंबू आली. आक्काकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. अंथरूण गुंडाळलं, उशा उन्हात टाकल्या, फरशी पुसली. इस्पितळातून निरोप होता की मशीनला दुसरा रोगी खोळंबलाय, आजच आणून द्या. मशीनला चाकं होती, पण जिन्यावर चाकांचा काय उपयोग? लंबूनं एक बाजू धरली.

"तू नको उचलूस," आक्का म्हणाली. "तुला जड उचलायला मना आहे."

"मग कोण उचलणार?"

दोघींनी ते उचललं. लंबू उंच, म्हणून ती खालच्या पायरीवर, सगळं वजन स्वतःच्या अंगावर घेऊन, उलटी उतरत होती. प्रत्येक मजल्यावर त्यांनी ते टेकवलं, दम घेतला आणि पुन्हा उचललं. रस्त्यावर आल्यावर लंबूनं पोटावर हात दाबून धरला, थोडा वेळ भिंतीला टेकली, आणि आक्कानं हाक मारायच्या आत आपल्या घराच्या वाटेला लागली.

आक्का मशीन ढकलत इस्पितळाकडे निघाली.