अंडी शिळी, दोष कोंबडीला

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

शेजारच्या गोदाकाकूंनी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली ठेवायला माझ्याकडून अकरा गावरान अंडी नेली होती. ताजी अंडी मी माझ्या कोंबडीसाठी ठेवली आणि त्यांना पंधरा दिवसांची शिळी दिली. अशा अंड्यांतून पिल्लं कमी निघतात, हे माहीत असून.

आज सकाळी काकू आल्या. "दोनच पिल्लं निघाले रे. कोंबडीच नीट बसली नाही. इकाच लागन तिले."

मला राहवेना. "काकू, कोंबडीले नका इकू. अंडेच शिळे होते."

"तुले मालूम होतं?"

"हाव."

त्या पाठ फिरवून घरी गेल्या. दुपारी ताजी अंडी घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "आता काय कामाचे? कोंबडी पिल्लायसंग फिरून राह्यली, बसन थोडीच!"

विश्वासानं मागणाऱ्याला आपण उरलंसुरलं काऊन देतो हो?