अर्जातली बायको आणि पासपोर्टमधली बायको

नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या धाकटीचं पत्र आलं. तिकडच्या कुठल्याशा अर्जात तिला आजीचं पूर्ण नाव लिहायचं आहे, आणि तिच्या आईच्या कपाटात माझे दोन कागद सापडले, दोन्हींवर वेगळी नावं. "आजी, यातली खरी तू कोणती?" असं तिनं गमतीनं विचारलं आहे.

पत्र वाचून मी इतकी चिडले की समोरचा चहा तसाच निवला. पोरीवर चिडले नाही. हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि तेव्हा त्यात गंमत नव्हती. प्रश्न माझ्याबद्दल नव्हता, दुसऱ्या एका बाईबद्दल होता. ती हकिकत मी तुमच्या आईवडलांनाही धड सांगितलेली नाही, कारण तिच्यात माझीही चूक आहे. आता लिहून ठेवते. नावं कोणाचीच लिहिणार नाही. ती माणसं अजून इथंच राहतात.

नव्वदच्या दशकात मी पेणला एका ऑफिसात काम करत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. काम काय होतं ते ठाऊक नसावं. एसटी स्टँडजवळ एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. ऑफिस एका निवृत्त मेजरसाहेबांचं होतं. परदेशातली एक मोठी मदतसंस्था होती. जिथं लढाई किंवा दुष्काळ असेल तिथं ती धान्य, औषधं पोचवायची. तिची गोदामं, गाड्या आणि माणसं सांभाळायला तिला पहारेकरी लागत. फील्ड सिक्युरिटी म्हणत त्यांना. मेजरसाहेब आपल्या जिल्ह्यातले फौजेतून निवृत्त झालेले जवान निवडून पाठवत, आणि त्यांच्यामागची सगळी व्यवस्था मी बघे: पासपोर्ट, व्हिसा, वैद्यकीय तपासणी, विमा, रजा, तिकिटं, घरी पोचायचे पैसे. ते तिकडं बंदूक घेऊन उभे राहत आणि मी इकडं फाइल घेऊन बसे. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई पेणमध्ये त्यांना दुसरी मिळाली नाही, म्हणून ते काम माझ्याकडं आलं.

मी ते नीट करत होते. प्रत्येक माणसाची वेगळी फाइल, प्रत्येक फॅक्सची झेरॉक्स, कारण फॅक्सचा कागद सहा महिन्यांत कोरा पडायचा. दर गुरुवारी मी रोह्याला जाई आणि पुलापलीकडं अष्टमी गावात एका शाळेच्या ओसरीवर बसे. तिथं त्या भागातल्या पहारेकऱ्यांच्या घरच्या बायका सह्या करायला येत. माझ्या फायलीत चूक सापडायची नाही, असा माझा तोरा होता.

अष्टमीचाच एक माणूस होता. खाडीकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला, फौजेत पंधरा वर्षं काढलेला, उंच आणि लाजाळू. त्याचा अर्ज मी स्वतः भरला. "पत्नीचं नाव?" म्हटल्यावर तो आधी मेजरसाहेबांकडं बघायला लागला. मग हळूच नाव सांगितलं आणि म्हणाला, "मीच ठेवलंय, बाई."

मी हसले आणि लिहिलं. एवढंच. तो मला तोंडानं सांगत होता की हे नाव लग्नात ठेवलेलं आहे, त्याआधी तिचं दुसरं होतं. आणि मी, जिचं स्वतःचं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं लिहिलं गेलं होतं, मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. आपल्याकडं ते इतकं रोजचं होतं की त्याची नोंद ठेवावी असं कोणाच्या मनात येत नसे.

दोन वर्षांनी एका सोमवारी सकाळी फॅक्स आला. त्याची गाडी रस्त्यातल्या सुरुंगावरून गेली होती. चालक जागेवर गेला. हा वाचला, पण डावा पाय फार वाईट झाला होता. त्याला विमानानं शेजारच्या देशात मोठ्या इस्पितळात नेलं होतं. खाली लिहिलं होतं की नियमाप्रमाणे एका जवळच्या नातलगाला संस्थेच्या खर्चानं त्याच्याजवळ आणता येईल, पासपोर्टची प्रत तातडीनं पाठवा.

गुरुवारची वाट न बघता मी तशीच रोह्याची गाडी पकडली. घर दोन खोल्यांचं. सासू आणि सून, दोघीच. सुनेनं सगळं उभ्यानं ऐकलं आणि एकच विचारलं, "तो बोलतो का?"

"बोलतो," मी म्हटलं. "तुम्ही या असं म्हणतोय. पाय कापायचा की नाही ते डॉक्टर ठरवतायत. तुम्ही येईपर्यंत थांबा, असं त्यानं त्यांना सांगितलंय."

तिनं ट्रंकेतून पासपोर्ट काढून माझ्या हातात ठेवला. त्या घरात पासपोर्ट तिच्या एकटीकडेच होता. लग्नाआधी तिचा भाऊ तिला आखातात कामाला नेणार होता, तेव्हा काढलेला. मुदत शिल्लक होती. मला इतकं हायसं वाटलं की मी तो धड उघडूनसुद्धा पाहिला नाही. पेणला येऊन फॅक्स करून टाकला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पासपोर्टमधल्या स्त्रीचं पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव, तिन्ही अर्जातल्या पत्नीपेक्षा वेगळी आहेत. कृपया खुलासा करावा.

मी एक पानभर खुलासा केला. आमच्याकडं लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, वडलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि पुष्कळ घरांत तिचं पहिलं नावही बदलतात. ही एकच स्त्री आहे. बुधवारी त्यावर जे आलं ते मला आजही पाठ आहे. खुलाशाची नोंद घेतली आहे, मात्र कर्मचाऱ्यानं एकापेक्षा अधिक विवाह केले आहेत काय, याची आधी चौकशी व्हावी.

तो माणूस तिकडं खाटेवर पडला होता आणि ह्या लोकांना त्याच्या दोन बायका दिसत होत्या! ज्यांच्या गोदामांवर तो दोन वर्षं रात्रंदिवस उभा होता त्यांना! मी मेजरसाहेबांच्या टेबलावर कागद आपटला.

"मॅडम, नियम आहे त्यांचा," ते म्हणाले. "त्यांच्या बाजूनं बघा."

"तुमचं नाव कधी बदललंय का, साहेब?"

"माझं कशाला बदलेल?"

"मग तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. नोकरीत वरिष्ठाला असं बोलण्याची माझी पहिली वेळ होती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

गुरुवारी मी पुन्हा अष्टमीला गेले. चौकशी करायची म्हणून विचारावं तर लागणारच होतं. सासूला मी शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं. ती कपाळावर हात मारून हसली.

"दोन बायका? माझ्या लेकाला? ह्यी एक सांभालता येत नाय त्याला! सुट्टीवर आला का हिच्या मागं मागं पानी भरीत फिरतो. ऐकतंस का गो, सवत आनलीय तुला, कागदावं!"

सून हसली नाही. ती म्हणाली, "कसला पुरावा पायजे त्यांना?"

तेच तर! लग्न अष्टमीत मांडव घालून झालेलं, सारा गाव जेवलेला. नवं नाव कोणी ठेवलं, कोणत्या ताटात लिहिलं, हे पन्नास माणसं सांगू शकत होती, पण सरकारी कागद एकही नव्हता. मग सासूनंच मांडणीवरचे दोन डबे काढून माझ्यापुढं ठेवले, स्टीलचे, झाकणाचे. एकावर मामानं माहेरच्या नावानं कोरून घेतलेलं, "चि. सौ. कां." करून. दुसऱ्यावर सासरकडच्या आत्यानं नव्या नावानं. दोन्हींवर तारीख एकच.

"लिवलेलं हाय ना?" सासू म्हणाली. "मग? आनि काय पायजे?"

रोह्याच्या फोटो स्टुडिओत जाऊन आम्ही सुनेचा फोटो काढला, दोन्ही हातांत दोन डबे. फोटोवाल्याला वाटलं कुठल्या स्पर्धेत बक्षीस मिळालंय. सोबत स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, नगरसेवकाचा दाखला जोडला, लग्नपत्रिका जोडली, प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर केलं. सगळं कुरियरनं आणि फॅक्सनं, दोन्ही प्रकारे पाठवलं.

सोमवारी तिकडच्या कर्मचारी विभागातल्या बाईंचा फोन आला. आवाज तरुण होता, उद्धट मुळीच नव्हता, त्यामुळं मला जास्त राग आला. त्या म्हणाल्या, प्रतिज्ञापत्र म्हणजे त्या स्त्रीचं स्वतःचंच म्हणणं झालं, आणि भांडी हा पुरावा धरता येत नाही. नाव बदलल्याचं सरकारी राजपत्र असेल तर लगेच मंजुरी देतो.

"राजपत्राला महिने लागतात," मी म्हटलं. "त्याच्या पायाला तेवढा वेळ आहे का?"

"मला वाईट वाटतं, पण मी काय करू शकते?"

मग मी आवाज चढवला. खाली कापडाच्या दुकानात ऐकू गेला म्हणे. मी म्हटलं, "बाई, माझ्या पदवीवर एक नाव आहे आणि तुमच्या पगारपत्रकावर दुसरं. सगळ्या पहारेकऱ्यांच्या फायली चार वर्षं मी तुम्हाला पाठवतेय. त्यातल्या अर्ध्या पदवीवालीनं पाठवल्या असं धरा आणि त्या परत करा. किंवा मग मान्य करा की एक बाई दोन नावांनी जगू शकते."

 त्या म्हणाल्या, "मी वर विचारते."

वर विचारायला त्यांना पाच दिवस लागले. शनिवारी मंजुरी आली, सोबत व्हिसासाठी पत्र. आणि त्याच दिवशी दुपारी इस्पितळाचा फॅक्स आला की आदल्या रात्री पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. आणखी थांबलं तर जीव गेला असता. त्यानं संमतीच्या कागदावर स्वतःच सही केली होती. साक्षीदार म्हणून एका परक्या परिचारिकेची सही होती. जिथं जवळच्या नातलगानं सही करायची, तो रकाना मोकळा होता. ती प्रत मी पाहिली आहे. शिस्तीचा माणूस, त्यानं त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली होती.

व्हिसाला आणखी आठवडा गेला असता. तेवढ्यात संस्थेनं त्यालाच घरी पाठवायचं ठरवलं, आणि सून गेलीच नाही. मुंबईच्या विमानतळावर ती आणि मी उभ्या होतो तेव्हा तो चाकाच्या खुर्चीतून बाहेर आला. दोघं एकमेकांशी काय बोलली ते मी ऐकलं नाही. मी मुद्दामच लांब गेले होते.

परतताना जीपमध्ये तो झोपला. वडखळ ओलांडल्यावर ती मला म्हणाली, "बाई, तुमच्या कागदावं मी दोन बायका व्हते. न् त्याच्यापाशी एक पन नव्हती."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "माझ्याच हातून झालं," मी म्हटलं. "त्यानं अर्ज भरताना मला सांगितलं होतं. मी विचारायला हवं होतं."  मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तो तिचा हक्क होता.

दुसऱ्या सोमवारी मी अर्जाचा नवा नमुना टाइप केला. पत्नीच्या नावाखाली एक ओळ वाढवली. मेजरसाहेब म्हणाले, संस्थेचा नमुना आहे, आपल्याला बदलता येणार नाही. संस्थेनं कळवलं की त्यांच्या पद्धतीत अशा माहितीला जागा नाही. मी कळवलं की मग पेणहून एकही अर्ज येणार नाही. महिनाभर एकही गेला नाही. तिकडं त्यांना माणसांची निकड होती. अखेर त्यांनी तो नमुना घेतला. त्यानंतर प्रत्येक गुरुवारी मी जुन्या फायली घेऊन ओसरीवर बसले आणि एकेका बाईला तिचं पहिलं नाव विचारलं. काही जणींना ते सांगताना लाज वाटली. एक तर हसत सुटली, म्हणाली, "अगो बाय, वीस वर्सांनी कुनी इचारलं!" त्या फायलींतल्या बहुतेक बायकांना दोन नावं होती. आणि त्यातल्या एकीबद्दलही मी आधी विचार केला नव्हता.

मेजरसाहेब आता नाहीत. त्या दोन खोल्यांत मोबाइल दुरुस्तीवाला बसतो. ते काम पुढं एका दुसऱ्या एजन्सीकडं गेलं. अष्टमीचा तो माणूस घराशेजारी किराणा दुकान चालवतो, बायको हिशेब बघते, सासू गेली. या वर्षी जवळच्या गडब गावची एक मुलगी, पोलिसात काम केलेली, त्याच संस्थेच्या फील्ड सिक्युरिटीचा अर्ज भरून घ्यायला माझ्याकडं आली. अर्ज आता संगणकावर छापलेला असतो, कागद गुळगुळीत. तिसऱ्या पानावर ती ओळ अजून आहे: पती किंवा पत्नीचे लग्नापूर्वीचे पूर्ण नाव.