ज्यांच्या संशयानं आमची कपाटं उघडली

श्री. नामदेवराव पिंपळशेंडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या आरोग्य केंद्राच्या बाकावर, बायकांच्या रांगेत, चपला बाजूला काढून बसले होते. महाराष्ट्राच्या सीमेला लागून, तेलुगू मुलखातल्या तलमडुगु मंडलातलं, म्हणजे तालुक्यातलं, ते लहानसं केंद्र, आणि मी तिथली कंत्राटावरची फार्मासिस्ट. चौकड्याच्या शर्टातले, पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ कुणाचे नवरे वाटत नव्हते की रोगी वाटत नव्हते. मला वाटलं, औषध कंपनीचे एजंट असतील. मग वाटलं, वार्ताहर असतील. तासभर ते नुसते माझ्या औषधांच्या कपाटाकडे पाहत राहिले. शेवटी मीच चिडून विचारलं, "काय पाहिजे तुम्हाला?"

"काई नाई," ते शांतपणे म्हणाले. "कोण काय घेऊन जाते अन् कोण रिकाम्या हातानं जाते, ते पाहून राह्यलो."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ती खोटी नव्हती. नामदेवराव जिल्ह्याच्या औषधसाठ्याचे अधिकारी होते. बायकांच्या आरोग्याची जी काही औषधं आणि साधनं असतात, म्हणजे पाळणा लांबवायच्या गोळ्या, तांबी, तीन महिन्यांचं इंजेक्शन, बाळंतपणानंतर रक्त थांबवायचं इंजेक्शन, ती जिल्ह्यापासून शेवटच्या उपकेंद्रापर्यंत पोचवणं हे त्यांचं काम. त्या दिवशी मात्र ते आले होते माझी चौकशी करायला. आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहिते आहे, तर ही गोष्ट आधी सांगितलेली बरी. आमची ओळख संशयातून झाली, आणि खरं सांगायचं तर ती पुढेही त्याच वाटेनं वाढली.

प्रकरण असं होतं. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या एका गावात कापूस-ज्वारी करणाऱ्या घरातली रेखा नावाची मुलगी होती. पहिल्या बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की तीन वर्षं दुसरं मूल नको, जिवावर बेतेल. म्हणून ती तीन महिन्यांचं इंजेक्शन घ्यायची. एकदा ठरल्या तारखेला ती आली आणि मी सांगितलं, आज नाही, पुढच्या आठवड्यात ये. पुढच्या आठवड्यात आली, तेव्हाही तेच सांगितलं. तिसऱ्यांदा ती दोन महिन्यांनी आली तेव्हा तिला दिवस गेले होते. तिची सासू अनसूयाबाई केंद्राच्या अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुया इकून खाल्ल्या या बाईनं." शहरातल्या कुठल्याशा खाजगी दवाखान्यात मी सरकारी इंजेक्शनं विकते, ही बातमी माझ्याआधी मावल्याला, माझ्या वडिलांच्या किराणा दुकानात पोचली.

नामदेवरावांनी माझं रजिस्टर मागितलं. ज्या दिवशी रेखा परत गेली त्या दिवशी शिल्लक दोन. कपाट उघडायला लावलं. आत दोन. मला हायसं वाटलं. त्यांना वाटलं नाही.

"इतकं बराबर हाय, म्हणूनच पानी मुरून राह्यलं असं वाटते," ते म्हणाले. "या दोन सुया मागून आनून ठेवल्या नसतील कशावरून? अन् त्या तवाबी हितंच होत्या, तर त्या पोरीले काऊन नाई देल्या?"

"शेवटच्या होत्या, सर."

"मंग?"

"शेवटच्या कशा देणार?"

हे उत्तर मला त्या क्षणी अगदी सरळ वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी दडवते आहे. जाताना म्हणाले, "कल्पनाबाई, मले तुमच्यावर संशय हाय, अन् तो तुमच्या तोंडावर सांगून जातो. मागून नाई सांगनार." मी धाडकन कपाट लावलं. त्यांच्या गौरवासाठी कधी लेखणी उचलीन असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पुढचा महिनाभर सर मंडलातल्या एकेका उपकेंद्रावर जात राहिले. चौकशीचा भाग म्हणून मलाही सोबत यावं लागायचं. त्यांची तपासणीची पद्धत सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. कागद ते शेवटी पाहायचे. आधी कपाटावरून बोट फिरवायचे, खोक्याच्या तळाचा माल वर काढायचे, तारीख वाचायचे आणि मग बाहेर बसलेल्या बाईला विचारायचे की तुम्हाला काय मिळालं. कुणाच्याच शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. शिपायाच्या नाही, डॉक्टरांच्याही नाही. पण सीमेवरच्या गावांमध्ये ते जसे जसे फिरले तसे ते कोड्यात पडत गेले. कुठल्याच उपकेंद्रात शिल्लक कधी शून्य झालेली नव्हती. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. आणि तरी प्रत्येक गावात दोन-चार बायका सांगायच्या की आम्हाला परत पाठवलं. इतक्या जणी मिळून चोरी करतात, आणि प्रत्येक जणी दोन-दोन मागे ठेवते, हे त्यांना पटेना.

उलगडा झाला तो सुशीलाबाईंच्या उपकेंद्रात. त्या जुन्या नर्सबाई, निवृत्तीला आलेल्या, तोंडाच्या फटकळ. सरांनी त्यांचा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. तळातून दोन इंजेक्शनं निघाली. त्यांची मुदत कधीच संपून गेली होती.

"हे काऊन ठेवलं, बाई? लोकायले देल्लं काऊन नाई?"

सुशीलाबाई उलट त्यांच्यावरच वैतागल्या. "डबा रिता करू नाई, सर. तुमच्या घरी ज्वारीच्या कोठीत मूठभर ठेवतात का नाई? समदं झाडून काढलं त बरकत राह्यते का? आमी बी ठेवतो."

मी खाली मान घातली. माझ्या हातून घडलं होतं ते हेच होतं, आणि मला ते कधी कळलंही नव्हतं. आमच्या दुकानात बरणी तळाला लागली की वडील शेवटचं मूठभर राखून ठेवतात आणि गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतात. मी तेच पाहत मोठी झाले आणि सरकारी कपाटाला तोच नियम लावला. कुणी विचारलं तर अडीअडचणीला म्हणून ठेवलंय असं सांगायचं. रेखापेक्षा मोठी अडचण कुणाची होती, हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

सर बाहेर पडून लिंबाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "माया मायच्या कोठीतबी मूठ असते. अन् मी नियम करतानी इसरलो."

कुठला नियम, ते त्यांनीच सांगितलं. वरून माल कमी येऊ लागला तेव्हा जिल्ह्यातून आधी कुणाला पाठवायचा हे त्यांनी ठरवलं होतं. ज्यांची शिल्लक शून्य, त्यांना आधी. बाकीच्यांनी थांबायचं. कागदावर नियम अगदी रास्त होता. पण आमच्या भागात शून्य कधी व्हायचंच नाही. म्हणून आमची पाळी सगळ्यात शेवटी यायची. जिल्ह्याला वाटायचं, या बायका माल असून वाटत नाहीत. गावाला वाटायचं, या बायका माल विकतात. आणि आमच्या डब्यांच्या तळाशी इंजेक्शनं जुनी होत पडलेली असायची.

त्यांचा अहवाल मी वाचला आहे. तेलुगूत आहे, आणि छोटा आहे. चोरी झालेली नाही. औषध कपाटात असताना बाई परत गेली, ही फार्मासिस्टची चूक. आणि औषध वेळेवर न पोचण्याचं कारण माझा नियम, ही माझी चूक. खाली स्वतःची सही. आपल्या चौकशीत स्वतःलाच दोषी धरणारा अधिकारी मी तरी दुसरा पाहिलेला नाही. वरच्या साहेबांनी त्यांना ते वाक्य काढायला सांगितलं होतं असं म्हणतात. त्यांनी काढलं नाही.

आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मला घेऊन ते रेखाच्या अंगणात गेले. अनसूयाबाईंनी आम्हाला बसाही म्हटलं नाही. सरांनी उभ्यानंच सगळं मराठीत सांगितलं. माझी चूक सांगितली, त्यांची सांगितली, काही झाकलं नाही. मी जमिनीकडे पाहत होते. रेखा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिनं मूल ठेवायचं ठरवलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "मंग आता मायं काय होईन?"

सर म्हणाले, "ते माया हातात नाई, पोरी. पन तुया बाळंतपनाले जे जे लागते ते तिथं हाय का नाई, हे मी सोता येऊन पाहीन. कोनाच्या सांगन्यावर इश्वास नाई ठेवनार."

त्याच संध्याकाळी ते मावल्याला माझ्या वडिलांच्या दुकानात गेले. आळ आल्यापासून वडील माझ्याशी नीट बोलत नव्हते. सर पोत्यावर बसले आणि म्हणाले, "तुमच्या पोरीनं चोरी नाई केली. चूक केली. दोन्हीत फरक हाय." मग अर्धा किलो गूळ घेतला, आणि शेजारच्या दुकानात जाऊन तो पुन्हा तोलून आणला. वडील अजून ही गोष्ट चिडून सुरू करतात आणि हसून संपवतात. त्या रात्री ते माझ्याबरोबर जेवायला बसले. नामदेवरावांचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, पण त्यातला हा सगळ्यात मोठा.

सुशीलाबाईंना त्यांनी बरकत सोडा असं सांगितलं नाही. त्यांनी नियम बदलला, शून्याची वाट न पाहता माल पाठवायचा असा, आणि प्रत्येक उपकेंद्राला एक एक चिमुकली डबी दिली. तिच्यात मूठभर ज्वारी. "डबा रिता नाई ठेवाचा ना? मंग ज्वारी ठेवा. औषिद बाईच्या हाती जाऊ द्या." पुढे हैदराबादहून आलेल्या एका तपासनीस बाईंना औषधांच्या कपाटात ज्वारी दिसली आणि उंदरांसाठी विष ठेवलंय की काय म्हणून त्यांनी पंचनाम्याची तयारी केली. त्यांना समजावताना आमच्या नाकी नऊ आले.

रेखाच्या नवव्या महिन्यात सर तीनदा न सांगता आले. रक्त थांबवायचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, नाहीतर ते नुसतं पाणी. आमचा फ्रिज त्यांनी उघडला तेव्हा आत इंजेक्शनांच्या शेजारी स्टाफचं ताक होतं आणि दार नीट लागत नव्हतं. ताक बाहेर काढलं, मिस्त्री बोलावला, जुनी इंजेक्शनं बाजूला काढून नवी आणवली, आणि दार लागतं की नाही ते पाहायला दुपारपर्यंत तिथंच बसून राहिले. मला तेव्हा तो अपमान वाटला होता.

रेखा भर दुपारी बाळंत झाली. मुलगी झाली. आणि मागच्या वेळेसारखंच रक्त जाऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला, मी फ्रिजमधून इंजेक्शन काढून दिलं. माझ्या बोटांना ते गार लागलं, तेवढं मला आठवतं. नंतरची काही मिनिटं आठवत नाहीत. रक्त थांबलं. मी बाहेर आले तेव्हा सर बाकावर होते. त्यांनी विचारलं, "तारीख पाह्यली होती ना सुईची?" मी म्हटलं, पाहिली होती. मग मी रडले, आणि ते दुसरीकडे पाहत बसून राहिले.

या ग्रंथासाठी रेखाकडूनही दोन शब्द घ्यावेत असं संपादक मंडळानं सुचवलं. रेखा आता पुन्हा दर तीन महिन्यांनी केंद्रात येते. ती मला कल्पनाताई म्हणत नाही, बाई म्हणते. कपाट उघडून दाखवल्याशिवाय बसत नाही. मी विचारलं तेव्हा इंजेक्शन घेऊन, पदर सारखा करत ती म्हणाली, "त्यायनं आमच्या दारात येऊन खरं सांगतलं. तुमी त मायाकडे पाहूनबी नव्हत्या राह्यल्या. त्यायले म्हना, लय वर्सं जगा." आणि दारातून मागे वळून म्हणाली, "त्यायनं पाहनं सोडलं, त तुमी पुना तसंच करसान."

मी तिला नाही म्हणू शकले नाही. म्हणून नामदेवराव, तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, हे मी रेखाच्या वतीनं मागते, आणि माझ्या स्वार्थासाठीही. गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या, आणि निवृत्त झालात तरी अधूनमधून न सांगता आमच्या बाकावर येऊन बसत जा. मला तुमचा धाक अजून हवा आहे.