म्हस काळी दाखवणारा कॅमेरा

गुरुसिद्धचा विश्वास बसायचा तो कागदावर उतरलेल्या फोटोवर, तोही वाळल्यावर. कळंब्याच्या रस्त्याला त्याचा स्टुडिओ. उभी हयात लग्नं टिपण्यात गेली, तरी नवा रोल घेताना डबीवरची तारीख स्वतः वाचणार, वर बायकोकडून वाचून घेणार. कुणी हसलं की म्हणायचा, "हसू नगा. लगीन परत लागत न्हाय."

२००४ साली त्याला पेचात पकडलं ते आकाराम दूधवाल्यानं. त्याच्या पोरीचं, संयोगिताचं लग्न तोंडावर आलेलं. "गुरूअण्णा, डिजिटल घिऊन येणार असलास तर ये. काढला की मागच्या काचंवर दिसाय पायजे. न्हायतर दुसरा बघतो."

याच कारणानं दोन लग्नं आधीच हातची गेलेली. हेही गेलं तर गल्लीत कोण बोलावणार?

मग बायकोला, शिवगंगेला घेऊन तो दुकानात गेला. विकणाऱ्या आदर्शनं दोन कॅमेरे पुढ्यात मांडले. दोन्हीत फोटो, दोन्हीत व्हिडिओ. पहिला चकचकीत, मेगापिक्सेल जास्त. त्याच्या काचेवर एक गोरीपान पोरगी हसत होती.

"ही कंपनीनंच आत भरून पाठवलिया," गुरुसिद्ध म्हणाला.

"काका, आत्ता तुमचाच काढून दावतो की."

"माझा नगं. म्हशीचा काढायचा. काळ्या म्हशीचा."

"साकु, बास झालं!" शिवगंगेनं माहेरच्या कानडीत दटावत त्याचा सदरा ओढला. "लोकं बघाय लागली."

पण आदर्शला गिऱ्हाईक सोडवेना. दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून तो त्यांच्या मागून दूध कट्ट्यावर आला. संध्याकाळची गर्दी होती. समोर काढलेलं ताजं दूध तिथंच प्यायला पेले धरून माणसं म्हशींभोवती उभी होती. आकाराम धार काढत होता.

गुरुसिद्धनं पहिला कॅमेरा लावला. म्हस काचेवर आली, पण राखाडी.

आकाराम वाकून बघून उसळला. "माझ्या म्हशीला राख फासलीस व्हय? उद्या पोरीच्या काळ्याभोर केसांचं काय करशील? म्हातारी करून धाडशील सासरी!"

"काका, उजेड उतरवायचं बटण असतंय. ह्येच्यात ते लई आत हाय," आदर्श पुटपुटला.

"म्हणजे ऐन अक्षतांच्या वक्ताला मी बटण हुडकत बसू?"

दुसऱ्या कॅमेऱ्यात तेच बटण अंगठ्याखाली होतं. उजेड दोन घरं उतरवला आणि म्हस काळीकुळकुळीत आली, पेल्यातला फेस पांढरा. आकारामला हसू फुटलं. मग व्हिडिओ लावला. धारेचा चुर्र चुर्र आवाजसुद्धा आला. पण पेला भरायच्या आतच चित्र बंद.

"कार्ड भरलं," आदर्श म्हणाला.

आता आकारामच्याच मनात पाल चुकचुकली. "मंगलाष्टकं अशीच मधी तुटली म्हंजे? अण्णा, फोटो ह्येनं काढ. व्हिडिओला तुझा तो खांद्यावरचा जुनाच आण. पर ये तूच."

गुरुसिद्धचा जीव भांड्यात पडला. पण चेहरा हलला नाही. दुकानात परतल्यावर आदर्शनं आतून त्याच कॅमेऱ्याचा नवा, सील केलेला खोका आणला.

"त्यो नगं. ह्योच द्या, गळ्यातला."

"काका, ह्यो दाखवायचा पीस हाय. सगळ्यांचं हात लागल्यात."

"लागूद्यात. ह्येनं म्हस काळी दावलिया. खोक्यातला काय दावंल, ते तुम्ही तरी बघितलंय का?"