तात्यांची समाधी

ध्यान संपलं की तात्या राणे देवघरातली छोटी पितळी घंटी वाजवायचे आणि एकेकाकडे बघत विचारायचे, "काय गावलां?" म्हणजे आत बघितलंस, तर काय सापडलं ते सांग. उत्तर द्यावंच लागे. पहिल्या दिवशी पाटकर वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "शांती मिळाली, तात्या." तात्या म्हणाले, "शांती? खयच्या मजल्यार रवता ती?" सगळे हसले. वहिनी नाही हसल्या.

दहिसरला आमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला. चाळीत दारं उघडी असायची, इथे प्रत्येकाने आतून कडी लावून घेतली. तात्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली आणि चाळीतल्या जुन्या माणसांना रोज सकाळी गोळा करायला सुरुवात केली. तात्यांची नोकरी टेलिफोन खात्यात झालेली, वडील गिरणीत. गुरू नाही, माळ नाही, प्रवचन नाही. "डोळे मीट, आत बघ, आणि खोटां बोला नको," एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. जो गोड बोले त्याला ते सोलून काढत. "अरे, कीर्तनाक इलंस काय?" म्हणत.

नियम दोन होते. घंटी तात्याच वाजवणार, तोवर कुणी डोळे उघडायचे नाहीत. आणि बसलेल्या माणसाला कुणी हात लावायचा नाही, मग तो रडो, थरथरो, कलंडो. एकदा वहिनी हुंदके देऊ लागल्या म्हणून मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तात्यांनी तो झटकला. "हात काढ, अनंता. तुका बरां वाटूक होया म्हणान ठेवलंस, तिच्यासाठी नाय." त्या दिवशी घंटीनंतर वहिनी खाली बघत म्हणाल्या, "सासूबाई लवकर जाव्यात असं वाटतं मला." सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, सगळं वहिनीच करायच्या. तात्या म्हणाले, "ह्यां खरां. आज तू पयल्यांदा बसलंस." सांत्वनाचा एक शब्द नाही. पुढे वहिनी मला म्हणाल्या, त्या दिवसापासून सासूबाईंना पुसताना दात आवळावे लागत नाहीत. असा होता तो माणूस. त्याचा फायदा झाला नाही असं आमच्यापैकी कुणी म्हणू शकणार नाही.

मलाही झाला. माझा संताप सगळ्या चाळीला ठाऊक होता. बसायला लागल्यावर तो कमी झाला असं मला वाटलं आणि एका सकाळी मी ते जरा ऐटीतच सांगितलं. "तात्या, राग गेला. घरात आवाज चढत नाही आता." तात्या म्हणाले, "राग खय गेलो नाय, अनंता. घरात तुझ्याशी बोलूक कोण उरलां नाय, म्हणान तो दिसणा नाय."

पाटकर वहिनी फिस्सकन हसल्या. मग बाकीचेही. घरी गेलो. बायकोने पोळी वाढली, पाणी ठेवलं, आत गेली. मुलाने खोलीचं दार ओढून घेतलं. किती दिवसांत कुणी मला काही विचारलं नव्हतं, ते मी आठवू लागलो आणि आठवेना. तात्यांचं म्हणणं खोटं असतं तर मी विसरलो असतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. आम्ही बसलो होतो. मला मांडी अवघडली आणि घशातून निघाल्यासारखा एक आवाज आला, म्हणून मी डोळे उघडले. तात्या समोर बसले होते. उजवा हात गुडघ्यावरून घसरला होता. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते. डावा हात घंटीकडे जात होता, पोचत नव्हता.

काय झालंय ते मला कळलं. माझा भाऊ असाच गेला होता. माझे डोळे मिटलेले होते, मला काही कळलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. माझ्या मनात आलेलं वाक्य असं होतं: नियम तुमचाच आहे, तात्या. आणि मी डोळे मिटले.

बाकीचे घंटीची वाट बघत बसून राहिले. त्यांचा दोष नाही. धप्प आवाज झाला तेव्हाही क्षणभर कुणी हललं नाही. मग वहिनी ओरडल्या. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. संध्याकाळी तात्या गेले.

शोकसभेत मी बोललो. ध्यानात बसल्या बसल्या गेले, समाधीच ती, चेहरा शांत होता, असं मी म्हणालो. तो शब्द लोकांना आवडला. आता हॉलमध्ये फोटोखाली 'समाधिस्थ' असं लिहिलंय. गेली काही वर्षं त्यांची मुलगी माधवी बैठक चालवते. घंटी तीच, नियम तेच.

परवा बैठकीत वहिनींची मान छातीवर पडली. मी उठून त्यांना गदागदा हलवलं. त्या चिडल्या, "अहो, डुलकी लागली होती! मेले नाही अजून!" नंतर माधवीने मला थांबवलं. "काका, बाबांचा नियम विसरलात?"

मग मी तिला सांगितलं. तिथेच, सतरंजी गुंडाळताना.

ती म्हणाली, "ते तुमच्याकडे बघत होते?"

"हो."

"आणि तुम्हाला कळलं होतं."

"हो."

तिने सतरंजी खाली ठेवली. "आई रोज त्या शांत चेहऱ्याची गोष्ट सांगून झोपते. तुम्ही सांगितलेली. चला वर, तिला सांगा."

वर गेलो. माधवीची आई, आमच्या काकू, म्हणाल्या, "अनंता, बस रे. चहा टाकते." माधवी स्वयंपाकघराच्या दाराशी हात बांधून उभी राहिली. काकूंनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी चहा प्यायलो, कप विसळून ठेवला आणि निघालो.

माधवी लिफ्टपर्यंत आली. म्हणाली, "तोंडाने जमत नाही ना? लिहून द्या. मी तिला वाचून दाखवीन. मग हॉलमध्ये सगळ्यांसमोर."

म्हणून हे लिहिलं. लिफ्टचं दार मिटता मिटता तिने हात आडवा घातला. "आणि काका, तुम्हाला इतकी वर्षं किती त्रास झाला, ते त्यात लिहू नका. आईला त्याचं काही करायचं नाहीये."